सहा आठवड्यांचा अंधार आणि आयुष्यभराची सौम्यता : संत फ्रान्सिस डी सेल्स

२४ जानेवारी हा दिवस ख्रिस्तसभा संत फ्रान्सिस डी सेल्स यांचा सण म्हणून साजरा करते. लेखक आणि पत्रकार यांचे ते आश्रयदाते संत. जागतिक संपर्कमाध्यम दिनासाठी पोपमहोदय देत असलेला संदेश परंपरेने त्यांच्याच सणाच्या दिवशी प्रसिद्ध होतो. चर्चमधील त्यांच्या प्रतिमेत हाती लेखणी, अंगावर बिशपांचा झगा आणि चेहऱ्यावर शांत, प्रसन्न भाव असतो. ही प्रसन्नता त्यांना जन्मजात लाभली होती, असा आपला सहज समज होतो. त्यांचे चरित्र मात्र वेगळेच सांगते. वयाच्या एकोणिसाव्या वर्षी हाच तरुण आपण कायमचे नरकात जाणार या विचाराने पोखरला गेला होता. त्याची झोप उडाली होती, अन्नावरची वासना गेली होती.

आपल्या धर्मग्रामांतील श्रद्धावंतांशी बोलताना धर्मगुरूंच्या कानी एक गोष्ट वारंवार येते. मनात एखादा वाईट विचार घर करून बसतो आणि कितीही प्रार्थना केली तरी जात नाही. आपण निकामी आहोत, देवाने आपल्याला टाकले आहे, आपल्या हातून काही चांगले होणार नाही, असे मन पुन्हा पुन्हा सांगत राहते. मग असे विचार येतात म्हणजे आपली श्रद्धाच कमी पडते, अशी दुसरी बोचणी त्यात भर घालते. अशा बंधुभगिनींसाठी संत फ्रान्सिस यांचे जीवन हा मोठा आधार आहे. संत पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या बाराव्या अध्यायात मनाच्या नवीकरणाद्वारे होणाऱ्या रूपांतराचा उल्लेख केला आहे. ते नवीकरण प्रत्यक्षात कसे घडते, त्याला किती काळ लागतो आणि त्यात देवाची कृपा व माणसाची रोजची सवय कशी हातात हात घालून चालतात, हे या संताच्या आयुष्यात पाहावयास मिळते.

सरदारपुत्र

फ्रान्सिस यांचा जन्म २१ ऑगस्ट १५६७ रोजी सॅव्हॉय या संस्थानात, तोरान्स गावाजवळील सेल्स घराण्याच्या गढीत झाला. आल्प्स पर्वताच्या कुशीतील हा प्रदेश आज फ्रान्समध्ये मोडतो. दिवस पूर्ण भरण्यापूर्वीच जन्मलेले हे मूल जगेल की नाही, याची घरच्यांना धास्ती होती. वडील बुआझीचे सरदार, करारी आणि महत्त्वाकांक्षी, तर आई फ्रान्स्वाज भाविक आणि मृदू स्वभावाची. थोरल्या मुलाने कायद्याचे शिक्षण घ्यावे, शांबेरीच्या वरिष्ठ न्यायसभेत मानाचे पद मिळवावे आणि एखाद्या तोलामोलाच्या घराण्याशी सोयरीक जोडावी, असा वडिलांचा बेत होता.

आन्सी येथील शालेय शिक्षण आटोपल्यावर १५७८ साली फ्रान्सिसला पॅरिसला धाडण्यात आले. सोबत देखरेखीसाठी एक धर्मगुरू शिक्षक होते. येशूसंघीयांच्या क्लेर्मों महाविद्यालयात तो भाषा, वक्तृत्व आणि तत्त्वज्ञान शिकू लागला. तलवारबाजी, घोडेस्वारी आणि नृत्य या सरदारपुत्रांना आवश्यक कलाही त्याने आत्मसात केल्या. मन मात्र ईशज्ञानाकडे ओढ घेत होते. धर्मगुरू होण्याची इच्छा त्याने बालपणापासून मनात जपली होती, पण वडिलांपुढे ती बोलून दाखविण्याचे धैर्य त्याला नव्हते.

सहा आठवडे

त्या काळी पॅरिसच्या विद्यापीठात एका प्रश्नावर कडाक्याचे वाद चालत. कोणाचे तारण व्हावे आणि कोणाचे नाही, हे परमेश्वराने आधीच ठरवून ठेवले आहे काय? जॉन कॅल्व्हिन याने या प्रश्नाला दिलेले कठोर उत्तर युरोपभर पसरले होते. संत ऑगस्टिन आणि संत थॉमस अॅक्वायनस यांच्या शिकवणुकीचा अर्थ कसा लावावा, यावर कॅथलिक पंडितांतही एकमत नव्हते. इतर विद्यार्थ्यांसाठी हा पांडित्याचा विषय होता. फ्रान्सिसच्या संवेदनशील मनाला तो काट्यासारखा रुतला. ज्यांचे तारण व्हायचे नाही अशांच्या यादीत आपलेच नाव असेल तर, हा विचार १५८६ च्या डिसेंबरच्या सुमारास त्याच्या मनात शिरला आणि ठाण मांडून बसला.

तो त्या विचाराशी वाद घालू लागला. जितका वाद घाली तितका विचार बळावत जाई. पवित्र मिस्सा चालू असताना, जेवणाच्या ताटावर, पुस्तक उघडले असताना, रात्री अंथरुणावर तीच शंका उभी राही. त्याची झोप आणि भूक दोन्ही हरपली, रंग पिवळा पडला, शरीर खंगले. सोबतच्या शिक्षकांना काळजी वाटू लागली, पण आतले दुखणे तो कोणाला सांगू शकत नव्हता. असे सुमारे सहा आठवडे गेले.

१५८७ च्या जानेवारीत एके दिवशी महाविद्यालयातून परतताना तो वाटेवरील संत स्टीफन यांच्या नावाच्या चर्चमध्ये शिरला. तिथे काळ्या रंगाची, सुटका करणाऱ्या मातेची म्हणून ओळखली जाणारी पवित्र मरियेची मूर्ती होती. तो मूर्तीसमोर गुडघे टेकून बसला. जवळच एका फलकावर, जो कोणी तुझ्या आश्रयाला आला त्याला तू कधी सोडले नाहीस, अशी पवित्र मातेला आठवण करून देणारी सुप्रसिद्ध प्रार्थना लिहिलेली होती. ती त्याने म्हटली आणि एक निर्णय केला. परलोकात आपल्या वाट्याला काय येणार हे देव जाणो. तिथे त्याच्यावर प्रेम करण्याचे भाग्य आपल्याला नसेलच, तर निदान या जन्मी, हाती असलेल्या प्रत्येक दिवशी, आपण त्याच्यावर प्रेम करू. ब्रह्मचर्याचे व्रत घेऊन आणि दररोज जपमाळ करण्याचा संकल्प सोडून तो उठला तेव्हा मनावरचे ओझे गळून पडले होते. शरीरही झपाट्याने सुधारले.

इथे नेमके काय घडले, याकडे आपण लक्ष दिले पाहिजे. त्याच्या प्रश्नाचे उत्तर त्या दिवशी मिळाले नव्हते. वादात तो जिंकला नव्हता. स्वतःच्या भवितव्याची हमी मागणे त्याने सोडून दिले आणि हमीशिवायच प्रेम करावयाचे ठरविले. विचाराच्या मुठीत सापडलेले मन त्याने विचारापासून उचलले आणि देवाच्या हाती ठेवले. वादाचा तात्त्विक उलगडा पुढे पादुआ येथील अभ्यासात हळूहळू झाला आणि देवाची करुणा सर्वांसाठी आहे, ही त्यांची पक्की धारणा बनली. चर्चमधील तो क्षण मात्र उत्तराच्या आधी आला होता.

ही हकिकत त्यांनी सहसा कोणाला सांगितली नाही. पुढे अनेक वर्षांनी एक स्त्री आपल्या अंतःकरणातील काळोख घेऊन त्यांच्याकडे आली, तेव्हा तिला धीर देण्यासाठी त्यांनी ती उघड केली. ती स्त्री म्हणजे संत जेन फ्रान्सिस दि शांताल. फ्रान्सिस यांच्या मृत्यूनंतर त्यांच्या संतपदासाठी झालेल्या चौकशीत तिने साक्ष दिली आणि त्यामुळेच या अंधाराची गोष्ट आपल्यापर्यंत पोहोचली.

पादुआतील दिनक्रम

१५८८ मध्ये वडिलांच्या इच्छेनुसार फ्रान्सिस कायद्याच्या अभ्यासासाठी इटलीतील पादुआ येथे गेला. येशूसंघीय धर्मगुरू अंतोनिओ पोसेव्हिनो हे तिथे त्याचे आध्यात्मिक मार्गदर्शक झाले. पादुआत तो मरणाच्या दारातून परतला. त्या आजारात आपले प्रेत वैद्यकीय विद्यार्थ्यांना विच्छेदनासाठी द्यावे, असे त्याने सांगून ठेवले होते. अभ्यासासाठी विद्यार्थी कबरी उकरीत आणि त्यातून मारामाऱ्या होत. निदान आपल्या देहामुळे तरी ते टळावे, हा त्याचा हेतू. ५ सप्टेंबर १५९१ रोजी त्याने कायद्यातील डॉक्टरेट मिळविली.

आपल्या विषयाच्या दृष्टीने पादुआतील दुसरी एक गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. पॅरिसमध्ये मन मोकळे झाले, आता सर्व ठीक आहे, असे त्याने मानले नाही. मनाला पुन्हा जुन्या वाटेने जाण्याची ओढ असते, हे तो ओळखून होता. म्हणून त्याने स्वतःसाठी दिनक्रमाचे नियम लिहून काढले. त्यात सकाळच्या तयारीला पहिले स्थान होते. प्रथम देवाचे साहाय्य मागायचे. मग आज कोण भेटणार, कुठे राग येण्याचा संभव आहे, कुठे मन खचण्याची भीती आहे, हे डोळ्यांसमोर आणायचे. त्या त्या प्रसंगी कसे वागावे याची योजना करायची, तसा निर्धार करायचा आणि शेवटी सगळा दिवस देवाच्या स्वाधीन करायचा. लोरेन्झो स्कुपोली यांचे आत्मिक लढ्यावरील एक छोटे पुस्तक त्याला याच काळात मिळाले. ते त्याने पुढे अठरा वर्षे खिशात बाळगले.

दाराखालून सरकविलेली पत्रके

१५९२ मध्ये फ्रान्सिस मायदेशी परतला. वडिलांनी वधू पाहून ठेवली होती. मोठ्या संकोचाने त्याने आपला खरा मनोदय सांगितला. आन्सी येथील नातलगांच्या मध्यस्थीने वडिलांनी अखेर नाखुशीने संमती दिली आणि १८ डिसेंबर १५९३ रोजी फ्रान्सिस यांना गुरुदीक्षा मिळाली. ते जिनिव्हा धर्मप्रांताचे धर्मगुरू होते. जिनिव्हा हे कॅल्व्हिनपंथीयांचे मुख्य शहर झाल्यामुळे तेथील कॅथलिक बिशपांना आन्सीत राहून कारभार पाहावा लागे.

१४ सप्टेंबर १५९४ रोजी फ्रान्सिस आपले चुलतभाऊ लुई यांच्यासह जिनिव्हा सरोवराच्या दक्षिणेकडील शाब्ले प्रांतात निघाले. हा प्रांत बर्नच्या अमलाखाली असताना कॅल्व्हिनपंथी झाला होता. तोनों या मुख्य गावी कॅथलिक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले होते. वडिलांनी या मोहिमेला विरोध केला आणि पैसाही दिला नाही. रात्री आलँजच्या किल्ल्यात मुक्काम आणि दिवसा पायी तोनोंला जाऊन प्रवचन, असा क्रम सुरू झाला. ऐकायला जवळजवळ कोणीच येत नसे. लांडग्यांच्या भीतीने त्यांनी एक रात्र झाडावर स्वतःला बांधून घेऊन काढली, तर पूल मोडलेल्या नदीवर टाकलेल्या बर्फाळ तुळईवरून ओणवे सरपटत ते पलीकडे मिस्सा अर्पण करायला जात, असे चरित्रकार सांगतात.

महिन्यांमागून महिने रिकाम्या बाकांपुढे बोलताना निराशेला वाव होता. पण एकदा त्या अंधाराशी ओळख झालेल्या या तरुण धर्मगुरूने आता वेगळा मार्ग काढला. लोक येत नाहीत तर शब्दांनी त्यांच्याकडे जावे. १५९५ च्या जानेवारीपासून ते श्रद्धेचे एकेक तत्त्व सोप्या भाषेत लिहून त्याच्या प्रती करू लागले. ही पत्रके लोकांच्या दाराखालून सरकविली जात, चौकात लावली जात. लेखनात शिवीगाळ नव्हती. विरोधकांवर तुटून पडण्याच्या त्या युगात ते दुर्मीळ होते. सॅव्हॉयच्या ड्यूकचे राजकीय बळ आणि दबाव हाही पुढच्या घडामोडींतील एक घटक होता, हे इतिहास प्रांजळपणे सांगतो. तरीही १५९८ पर्यंत शाब्लेतील बहुसंख्य लोक कॅथलिक श्रद्धेकडे परतले. या पत्रकांची आठवण ठेवूनच पोप अकरावे पायस यांनी १९२३ साली संत फ्रान्सिस यांना लेखक-पत्रकारांचे आश्रयदाते घोषित केले.

तापट माणूस, सौम्य बिशप

८ डिसेंबर १६०२ रोजी तोरान्सच्या चर्चमध्ये फ्रान्सिस यांचा बिशप म्हणून अभिषेक झाला. पुढची वीस वर्षे डोंगराळ धर्मप्रांतात घोड्यावरून आणि पायी हिंडून त्यांनी गावोगावच्या धर्मग्रामांना भेटी दिल्या. मुलांना ते स्वतः धर्मशिक्षण देत. जन्मापासून मूकबधिर असलेल्या मार्टिन नावाच्या एका गरीब तरुणाला त्यांनी आपल्या घरी ठेवून घेतले आणि खुणांच्या भाषेत शिकवून त्याला प्रथम ख्रिस्तशरीर घेण्यासाठी तयार केले. म्हणून आज मूकबधिर बंधुभगिनीही त्यांना आपला आश्रयदाता मानतात.

लोक त्यांना सौम्य बिशप म्हणून ओळखू लागले. वस्तुतः त्यांचा पिंड तापट होता. अपमान झाला की रक्त उसळत असे, हे ते स्वतः मान्य करीत. एकदा एका उर्मट तरुणाने त्यांच्यावर तोंडसुख घेतले आणि बिशप गप्प राहिले. सोबत्याने आश्चर्य व्यक्त केले, तेव्हा अनेक वर्षे थेंबाथेंबाने साठविलेली सौम्यता एका घटकेत सांडून जाईल अशी आपल्याला भीती वाटली, अशा अर्थाचे काही ते बोलले, अशी आठवण सांगितली जाते. त्यांची सौम्यता खरोखरच थेंबाथेंबाने जमा झाली होती. प्रत्येक सकाळच्या तयारीत एक थेंब पडत होता.

१६०४ च्या उपवासकाळात दिजों शहरात प्रवचने देत असताना जेन फ्रान्सिस दि शांताल या तरुण विधवेची आणि त्यांची भेट झाली. १६०१ साली शिकारीच्या वेळी एका मित्राच्या बंदुकीतून चुकून सुटलेल्या गोळीने तिच्या पतीचा अंत झाला होता. पदरी चार लहान मुले, सासरी अपमानाचे जिणे आणि त्यातच श्रद्धेविषयीच्या शंकांचे काहूर, अशा अवस्थेत ती होती. फ्रान्सिस यांनी तिला शंकांशी झटापट करू दिली नाही. दारावर आवाज करणाऱ्यांना उत्तर न देता घरातले काम चालू ठेवावे, तसे त्या विचारांकडे दुर्लक्ष करून आपले प्रेमाचे काम करीत राहावे, असे त्यांनी तिला सुचविले. पतीच्या मृत्यूस कारण झालेल्या माणसाला क्षमा करण्याच्या बाबतीतही त्यांनी घाई केली नाही. प्रथम त्याचे दर्शन सहन करणे, मग दोन शब्द बोलणे, अशा पायऱ्या त्यांनी तिला चढू दिल्या. अखेर ती त्या माणसाच्या बाळाची धर्ममाता झाली. ६ जून १६१० रोजी आन्सी येथे या दोघांनी मिळून व्हिजिटेशन हा धर्मभगिनींचा संघ स्थापन केला. जेनच्या शंका आयुष्यभर पुरत्या गेल्या नाहीत. त्या असतानाही ती संत झाली.

प्रापंचिकांसाठी साधना

फ्रान्सिस यांनी हजारो पत्रे लिहिली. त्यांतील दोन हजारांहून अधिक आज उपलब्ध आहेत. मादाम दि शार्म्वाझी या नात्यातील विवाहित स्त्रीला मार्गदर्शन करण्यासाठी लिहिलेल्या टिपणांतून त्यांचा भक्तिमय जीवनाची ओळख करून देणारा ग्रंथ सिद्ध झाला. १६०९ हे त्याच्या पहिल्या आवृत्तीचे साल. मठात न जाता, घरसंसार, व्यापार किंवा सैनिकी पेशा सांभाळूनही पवित्र जीवन जगता येते, हा त्यांचा आग्रह त्या काळी नवा वाटला. त्यांच्या हयातीतच ग्रंथाच्या आवृत्त्यांमागून आवृत्त्या निघाल्या.

मनाला चांगली वळणे लावण्यासाठी त्यांनी सांगितलेल्या सवयी अगदी साध्या आहेत. दिवसाच्या आरंभी, पादुआत ते करीत तशी, येणाऱ्या प्रसंगांची पूर्वतयारी करावी. थोडा वेळ शुभवर्तमानातील एखाद्या प्रसंगावर मनन करावे. बागेत फिरून निघताना दोन-चार फुले तोडून घ्यावीत आणि दिवसभर त्यांचा वास घ्यावा, तसे मननातील एक-दोन विचार सोबत न्यावेत, हा त्यांचा दृष्टांत प्रसिद्ध आहे. कामाच्या गर्दीत अधूनमधून क्षणभर थांबून अंतःकरणातील एकांतात प्रभूला भेटावे आणि एका श्वासात म्हणता येईल अशी लहानशी प्रार्थना करावी. रात्री झोपण्यापूर्वी दिवसाचे सिंहावलोकन करून जे चांगले घडले त्याबद्दल आभार मानावेत, जे चुकले त्याची क्षमा मागावी. यात वेळ थोडा लागतो. सातत्य मात्र लागते. नकारात्मक विचारही एका दिवसात येऊन बसत नाही. रोजच्या आवर्तनाने तो आपली वाट मळवीत असतो, आणि दुसरी वाटही रोजच्या पावलांनीच मळते.

खचलेल्या मनाविषयीची त्यांची शिकवण विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. पापाखालोखाल आत्म्याची सर्वाधिक हानी जर कशाने होत असेल, तर ती चित्ताच्या अस्वस्थतेने, असे ते मानीत. जाळ्यात सापडलेला पक्षी घाबरून फडफडतो आणि त्यामुळेच अधिक गुरफटतो. म्हणून कोणत्याही दुःखातून सुटण्याची धडपड करण्यापूर्वी मन थोडे शांत करावे, असे ते शिकवीत. विचार मनात येणे आणि त्याला संमती देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे ते पुन्हा पुन्हा स्पष्ट करीत. नको असलेला विचार मनात डोकावला म्हणजे पाप झाले असे नव्हे.

स्वतःच्या चुकांवर स्वतःच आगपाखड करणेही त्यांना मान्य नव्हते. आपण पडलो म्हणून चिडणे, मग चिडलो म्हणून पुन्हा चिडणे, यात अहंकारच दडलेला असतो, असे त्यांचे निरीक्षण होते. प्रेमळ बाप मुलाला समजावतो तसे आपल्या मनाला समजवावे आणि हात धरून पुन्हा उभे करावे. ध्यानात मन भरकटले तर त्याला हलकेच परत आणावे, आणि सारा वेळ भरकटलेल्या मनाला परत आणण्यातच गेला तरी तो वाया गेला असे समजू नये. पॅरिसमध्ये सहा आठवडे स्वतःच्या मनाशी निष्फळ युद्ध केलेल्या माणसाची ही शिकवण आहे.

खिन्नतेवर त्यांनी सांगितलेले उपायही व्यवहार्य आहेत. प्रार्थना करावी, भक्तिगीते गावीत, मन नसले तरी हातांना एखाद्या कामात गुंतवावे आणि आपले दुःख पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूंपाशी किंवा विश्वासू व्यक्तीपाशी मोकळे करावे. अतिरेकी उपवासाला त्यांचा विरोध होता. रात्रीची झोप ही त्यांना शरीराची आणि मनाची गरज वाटे. शरीराकडे दुर्लक्ष करून आत्म्याची काळजी घेता येत नाही, ही त्यांची धारणा आजच्या वैद्यकीय ज्ञानाशीही जुळणारी आहे. आपल्या घरातील कोणाची झोप-भूक आठवडेच्या आठवडे हरपली असेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर प्रार्थनेच्या जोडीने डॉक्टरांची आणि समुपदेशकांची मदत त्वरित घ्यावी. तसे करणे म्हणजे श्रद्धा कमी असणे नव्हे. देवाची कृपा औषधातूनही काम करते. त्या सहा आठवड्यांत फ्रान्सिसने कोणालाच काही सांगितले नाही. आज आपण आपल्या मुलांना ते एकाकीपण सोसू देता कामा नये.

माळ्याच्या खोलीत

१६२२ च्या अखेरीस सॅव्हॉयच्या राजदरबाराबरोबर प्रवास करीत बिशप फ्रान्सिस लियों शहरी पोहोचले. मोठमोठ्या वाड्यांची निमंत्रणे नाकारून ते व्हिजिटेशन मठाच्या आवारातील माळ्याच्या साध्या खोलीत उतरले. जेन दि शांतालही त्या वेळी तिथे आली होती. कित्येक वर्षांत तिला आपल्या मनाविषयी त्यांच्याशी निवांत बोलता आले नव्हते. पण त्यांनी संघाच्या कामकाजाविषयीच बोलणी केली आणि तिच्या स्वतःच्या गोष्टी पुढच्या भेटीवर ठेवल्या. ती भेट झाली नाही. २७ डिसेंबर रोजी त्यांना पक्षाघाताचा झटका आला. त्या काळच्या वेदनादायी उपचारांना त्यांनी तक्रार न करता अंग दिले आणि २८ डिसेंबर १६२२ रोजी, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, त्यांनी आपला आत्मा देवाच्या हाती सोपविला. पॅरिसमध्ये केलेला रोजच्या जपमाळेचा संकल्प त्यांनी आयुष्यभर पाळला होता.

१६६५ मध्ये पोप सातवे अलेक्झांडर यांनी त्यांना संतपद बहाल केले आणि १८७७ मध्ये पोप नववे पायस यांनी त्यांना ख्रिस्तसभेचे पंडित म्हणून घोषित केले. २०२२ साली त्यांच्या निधनाला चारशे वर्षे झाली, त्या निमित्ताने पोप फ्रान्सिस यांनी त्यांच्यावर एक प्रेषितीय पत्र प्रसिद्ध केले. संत जॉन बॉस्को यांनी आपल्या संघाला सलेशियन हे नाव दिले तेही या संताच्या सौम्यतेचा वारसा म्हणूनच.

महाराष्ट्राशीही या संताचे जुने नाते आहे. फादर पिएर मेर्मिए यांनी १८३८ साली आन्सी येथे संत फ्रान्सिस डी सेल्स यांच्या नावाने एक मिशनरी संघ स्थापन केला. त्या संघाचे धर्मगुरू १८४५ मध्ये भारतात आले आणि पुढे मध्य भारतात कार्य करीत नागपूरपर्यंत पोहोचले. नागपूर धर्मप्रांताची स्थापना १८८७ मध्ये झाली. तेथील कॅथेड्रल याच संताच्या नावाने उभे आहे आणि औरंगाबाद धर्मप्रांताचे कॅथेड्रलही त्यांनाच समर्पित आहे. विदर्भ-मराठवाड्यातील आपले कितीतरी बंधुभगिनी दर रविवारी या संताच्या छत्राखाली मिस्सा ऐकतात.

येत्या सणाच्या निमित्ताने आपण एक लहानसा संकल्प करावा. उद्या सकाळी उठल्यावर पाच मिनिटे शांत बसून दिवस देवासमोर ठेवावा. मनात जो विचार सर्वाधिक छळतो त्याच्याशी भांडू नये. तो आला की प्रभूचे नाव घ्यावे आणि हातातील काम प्रेमाने पुढे चालू ठेवावे. संध्याकाळी तो विचार दहादा आला होता असे आढळले, तर दहादा प्रभूकडे वळलो म्हणून आभार मानावेत. परवा सकाळी पुन्हा तसेच करावे.

संत फ्रान्सिस डी सेल्स, आमच्यासाठी विनंती कर.